मुलाखतीची तयारी: कुपवाडपासून चाकणपर्यंत

"मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करायला आवडतं, लवकर शिकतो." कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भरतीच्या टेबलापलीकडे बसायला लागल्यापासून ही चार वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आता ती कानावर पडतात, आत जात नाहीत. वाक्यं खोटी नसतात. अडचण एवढीच, की बाहेर बाकावर बसलेला पुढचा मुलगाही तेच सांगणार असतो.

संध्याकाळी आम्ही अर्जांचा गठ्ठा पुढे घेऊन बसतो तेव्हा नावं आठवत नाहीत. "तो फूट व्हॉल्व्हवाला", "ती बेदाण्याचा हिशेब सांगणारी" असे उमेदवार आठवतात. ज्याच्या बोलण्यात स्वतःच्या हातच्या कामाचा तपशील असतो तो लक्षात राहतो आणि बहुतेक वेळा निवडलाही त्यालाच जातो. असा तपशील सांगली-साताऱ्याकडच्या मुलामुलींकडे भरपूर असतो. शेत, दुकान, वर्कशॉप, आडत, डेअरी यांच्यामध्येच ती वाढलेली असतात. पण मुलाखतीत यातलं काहीच येत नाही, कारण ते 'सांगण्यासारखं' असतं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आयटीआय, डिप्लोमा, बी.ई., बी.कॉम. करून पहिली किंवा दुसरी नोकरी शोधणारे डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहितोय.

पहिलं काम: जाहिरात ओळीओळीने वाचा

एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये नोट्स काढू नका, त्या परत कोणी उघडत नाही. डाव्या पानावर जाहिरातीतली प्रत्येक ओळ स्वतंत्र लिहा. समजा जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची आहे आणि जाहिरातीत लिहिलंय: ड्रॉइंग वाचता यावं, मोजमापाची साधनं वापरता यावीत, रिजेक्शनची नोंद ठेवता यावी, शिफ्टमध्ये काम करायची तयारी हवी. उजव्या पानावर प्रत्येक ओळीसमोर दोनच गोष्टी लिहा: हे मी कुठे केलंय, आणि समोरच्याला पटेल असं त्यात काय आहे.

काही ओळींसमोर उजवं पान कोरं राहील. ते कोरं पान हाच तुमचा अभ्यासक्रम. 'मोजमापाची साधनं' यासमोर काही सुचत नसेल तर आयटीआयमधल्या मित्राला गाठा, एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन संध्याकाळी जा आणि व्हर्नियर प्रत्यक्ष हातात धरा. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचा ०.०१ हे सगळ्यांना पाठ असतं. पण टेबलावरचा जॉब उचलून दिला की वाचन घेताना हात थरथरतो आणि झीरो एरर (साधन बंद असताना ते शून्य दाखवतं का) बघायचं राहून जातं. लहान कारखान्यात मुलाखत बऱ्याचदा मालक स्वतः घेतो आणि केबिनमध्ये दहा मिनिटं बोलून थेट शॉप फ्लोअरवर नेतो. तिथे पाठांतर चालत नाही.

सीएनसी किंवा व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनची जागा असेल तर जी झीरो झीरो आणि जी झीरो वन या प्रोग्रॅममधल्या दोन आज्ञांतला फरक सांगून थांबू नका. टूल ऑफसेट कसा घेतला, पहिला पीस पास होईपर्यंत काय काय तपासलं, हे क्रमाने सांगता आलं पाहिजे.

दुसरं काम: कंपनी खरंच काय करते ते शोधा

इथे मुलं वेबसाइटवरचा 'आमच्याविषयी'चा परिच्छेद पाठ करतात. किर्लोस्करवाडीला मुलाखत असेल तर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर वसाहत उभी केली हे सांगून फारसं काही मिळत नाही. पॅनेलला ते तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्यापेक्षा कंपनीचे कोणते पंप कुठे वापरले जातात, व्हॉल्व्हचा विभाग काय करतो, तुम्ही अर्ज केलेला विभाग त्या साखळीत कुठे बसतो हे कळलं पाहिजे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल वेबसाइटवर फुकट असतो. त्यातली पहिली पंचवीस-तीस पानं वाचा, पुढचे आकडे चाळले तरी पुरे.

लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची मूलभूत नोंद केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडते. पण कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याची खरी माहिती मिळते ती शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. दोन दिवस आधी तिथे जाऊन चहा घ्या. कोणत्या मशीन आहेत, कुणाचं काम जास्त येतं, ओव्हरटाइम वेळेवर मिळतो का, सुपरवायझर टिकतात का, हे कामगार मोकळेपणाने सांगतात. पुढे "आमच्याबद्दल काय माहीत आहे?" असा प्रश्न आला की टपरीचं नाव घ्यायची गरज नाही. "तुमच्याकडे ऑटोमोबाइलचे टर्न्ड पार्ट जास्त होतात असं ऐकलंय, बरोबर का?" एवढं विचारलं तरी समोरचा सरसावून बसतो.

सहकारी बँकेत जायचं असेल तर माहिती बहुधा तुमच्या घरातच असते. आपल्याकडे घरातलं कोणी ना कोणी एखाद्या बँकेचं सभासद असतंच आणि वार्षिक सभेचा अहवाल कपाटात पडलेला असतो. तो काढा. ठेवी किती, कर्जं किती, ढोबळ आणि निव्वळ एनपीए (थकीत कर्जं) किती, मागच्या वर्षीपेक्षा काय वाढलं आणि काय घटलं, एवढं एका पानावर उतरवा. कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की साधारणपणे खातं एनपीए होतं, ही व्याख्या येतेच. तिच्यापुढे 'या बँकेचा आकडा का वाढला असेल' यावर तुमचं मत तयार ठेवा.

बँकेच्या मुलाखतीत हमखास येणारा आणि हमखास चुकणारा प्रश्न म्हणजे बँक आणि पतसंस्था यातला फरक. नागरी सहकारी बँकेच्या बँकिंग व्यवहारावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आपल्या भागात ठेवी अडकल्याचा अनुभव घरोघरी आहे. काउंटरवर येणारा म्हातारा शेतकरी पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि पॅनेलला तुम्ही त्याला काय उत्तर द्याल ते ऐकायचं असतं.

तिसरं काम, आणि सगळ्यात मोठं: स्वतःचे प्रसंग गोळा करा

मोठ्या कंपन्यांत आता सगळ्या उमेदवारांना ठरलेले तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराला गुण देतात. त्यामागे संशोधन आहे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरच्या आधीच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा अशी आखीव मुलाखत गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा माणसाच्या पुढच्या कामाचा जास्त चांगला अंदाज देते असं दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तर आखीव मुलाखत सगळ्यांच्या वर आली. म्हणून तर "एखादा प्रसंग सांगा, जेव्हा…" अशा प्रश्नांची सरबत्ती होते. या प्रश्नाला तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नाही, प्रसंगच लागतो.

एक उदाहरण सविस्तर घेतो. समजा तुम्ही पलूसकडचे, डिप्लोमा मेकॅनिकल, मुलाखत पंपाच्या कंपनीत. प्रश्न येतो: सेंट्रिफ्युगल पंपाला प्रायमिंग का लागतं? पुस्तकातलं उत्तर: केसिंगमधली हवा काढून द्रव भरण्यासाठी. इतकं सगळेच सांगतात. आता नदीकाठच्या मोनोब्लॉक मोटरीकडे या. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी चढत नाही. चुलता लांबूनच सांगतो, "फूट व्हॉल्व्ह गळतोय, पाइपातलं पाणी उतरलंय." (फूट व्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप.) तुम्ही पाण्यात उतरता, व्हॉल्व्हमध्ये अडकलेली काडी काढता, वॉशर बदलता, वरून बादलीने पाणी भरता आणि मोटर चालू करता.

हाच प्रसंग, पण त्याला डिप्लोमाचं शास्त्र जोडून सांगा. इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चक्र, किती दाब तयार करेल हे आत असलेल्या द्रवाच्या घनतेवर ठरतं. हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्शाएवढी, त्यामुळे आत हवा असली की सक्शनला इतका किरकोळ दाबफरक मिळतो की पाणी वर येऊच शकत नाही. मग पुढचं: उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि पंप वरच ठेवला तर आतून खडे फिरल्यासारखा आवाज येतो, कारण सक्शनला दाब इतका घटतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे होतात आणि पुढे जास्त दाबाच्या जागी ते फुटतात. हेच कॅव्हिटेशन. वातावरणाचा दाब हिशेबात घेतला तर सक्शनने पाणी दहाएक मीटरच्या वर उचलताच येत नाही, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे जाऊ नये. म्हणून पाणी उतरलं की पंप खाली न्यायचा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाने हे असं सांगितलं की समोरचा इंजिनिअर पुढचे चार प्रश्न पुस्तकातले विचारतच नाही. तो तुमच्याबरोबर गप्पा मारायला लागतो.

दुसरं उदाहरण बी.कॉम.चं. "टॅली येतं" ही ओळ प्रत्येक बायोडेटात असते. त्याऐवजी: "तासगावला मामांची बेदाण्याची आडत आहे. सुट्टीत मी तिथे नोंदी करायचे. एका महिन्यात बँकेची शिल्लक आणि टॅलीतली शिल्लक जुळेना. मी पासबुक आणि लेजर ओळीओळीने लावून बघितलं. एका व्यापाऱ्याचं आरटीजीएस दोनदा जमा दाखवलं होतं, एकदा बँकेच्या मेसेजवरून आणि एकदा त्याने फोन केल्यावर. त्यानंतर फक्त यूटीआर नंबर (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला क्रमांक) बघूनच नोंद करायची असं ठरवलं." बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा आणि आपला हिशेब जुळवणं, म्हणजे काय हे वेगळं विचारायची गरजच उरत नाही. सौदा, पट्टी, तूट हे शब्द तसेच वापरा, लाजू नका. आणि अशा मुलीला पुढचा प्रश्न ई-वे बिलाचा, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचा, येणारच. राज्याबाहेर माल जात असेल तर ५० हजारांच्या मालावर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, हे तोंडावर हवं.

कोणताही प्रसंग चार टप्प्यांत बसतो: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. प्लेसमेंटवाले याला 'स्टार' म्हणतात. मुलं पहिल्या टप्प्यावर अर्धा वेळ घालवतात आणि तिसरा एका वाक्यात उरकतात. उलटं करा. परिस्थिती दोन वाक्यांत संपवा आणि 'मी काय केलं' यावर जास्तीत जास्त वेळ द्या. त्यातही 'मी' म्हणा. आपल्याकडे विनयाने 'आम्ही' म्हणायची सवय आहे, "आम्ही प्रोजेक्ट केला", "आम्ही मशीन बनवली". चार जणांच्या ग्रुपमध्ये वेल्डिंग कुणी केलं आणि फाइल कुणी सजवली हे पॅनेल शोधणारच, मग ते आपणहून सांगितलेलं बरं.

वहीत निदान सहा प्रसंग हवेत: बिघडलेलं काहीतरी दुरुस्त केलं तो, वेळ कमी असताना काम पुरं केलं तो, कुणाशी मतभेद झाला आणि मार्ग काढला तो, एखादी गोष्ट फसली आणि पुढच्या वेळी बदलली तो, दुसऱ्याला काही शिकवलं तो, आणि कुणी न सांगता केलेलं काम. एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो, फक्त जोर वेगळ्या जागी द्यायचा.

एक गोष्ट मला दरवेळी खटकते. साताऱ्याकडची काही मुलं 'कमवा आणि शिका' योजनेत शिकलेली असतात. लायब्ररीत पुस्तकं लावलेली, कॉलेजच्या बागेत किंवा ऑफिसात तास भरलेले. पण बायोडेटात एक ओळ नसते, विचारलं तर मान खाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीच मुळी श्रम करून शिकण्याच्या विचारावर. तीन वर्षं काम सांभाळून पदवी घेतली हे 'लीडरशिप क्वालिटी'पेक्षा कितीतरी ठोस आहे. ते बायोडेटाच्या वरच्या अर्ध्या भागात लिहा.

"स्वतःबद्दल सांगा"

या प्रश्नाला साठ ते नव्वद सेकंद पुरतात. "मायसेल्फ अमुक तमुक" पासून सुरुवात आणि वडिलांचा व्यवसाय, भावंडं, क्रिकेटची आवड यावर शेवट, असा जो साचा कॉलेजात शिकवतात तो विसरा. नाव आणि शिक्षण बायोडेटावर आहेच. आधी सध्या काय करता ते, मग आजवरच्या कामातली एक-दोन ठोस गोष्टी, मग याच जागेसाठी का आलात ते. असं काहीसं:

"मी सध्या मिरज एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस आहे. व्हीएमसीवर दोन शिफ्ट चालवतो. गेल्या काही महिन्यांत पहिल्या पीसची तपासणी माझ्याकडे आहे, त्यामुळे ड्रॉइंग आणि गेज दोन्हींची सवय झाली. त्याआधी डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये हळद पॉलिश करायच्या ड्रमचा गिअरबॉक्स मी डिझाइन केला होता. तुमच्याकडे इन्स्पेक्शनची जागा आहे, आणि मला मशीन चालवण्यापेक्षा तपासणीत पुढे जायचंय, म्हणून अर्ज केला."

शेवटच्या वाक्यावर सगळी मदार आहे. ते प्रत्येक कंपनीसाठी बदललं पाहिजे.

एमपीएससीची, पोलीस भरतीची वर्षं

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न घरोघरी आहे. पुण्यात रूम करून दोन-चार वर्षं अभ्यास केला, पूर्व परीक्षा निघाली किंवा ग्राउंड निघालं, पुढे झालं नाही. आता खासगी नोकरीच्या मुलाखतीत "ही मधली वर्षं?" असं विचारल्यावर मुलं एकतर खोटा अनुभव घालतात, नाहीतर अर्धा तास कर्मकहाणी सांगतात. खोटा अनुभव पीएफच्या यूएएन (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक) नोंदीत किंवा एका फोनमध्ये उघडा पडतो.

तीन वाक्यं पुरतात. काय केलं: "पदवीनंतर तीन वर्षं राज्यसेवेची तयारी केली, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो." त्यातून काय आलं: इथे 'चिकाटी' म्हणू नका. आकडेवारी वाचायची सवय, कायद्याची भाषा समजणं, मराठीत नेमका मसुदा लिहिता येणं, असं काही या कामाला लागू पडणारं सांगा. आणि ते कधी संपलं: "गेल्या मार्चमध्ये ठरवून थांबवलं आणि तेव्हापासून अकाउंट्सचा कोर्स केला."

तिसरं वाक्य का लागतं? कारण पॅनेलच्या मनात न विचारलेला प्रश्न असतो: नवीन जाहिरात निघाली की हा सोडून जाणार का? तुम्ही अजून फॉर्म भरत असाल तर "नाही, बंद केलं" असं खोटं सांगू नका. "एक परीक्षा बाकी आहे, तिच्या तारखा सुट्टीच्या दिवशी आहेत, त्यानंतर मी थांबणार आहे" हे मी तरी मान्य करतो. सगळे करतील असं नाही.

असाच दुसरा प्रश्न: "घरी शेती आहे, मग नोकरी कशाला?" याचा अर्थ ऊसतोडीच्या वेळी, द्राक्षाच्या छाटणीच्या वेळी दांड्या मारणार का. घरी शेती कोण बघतं ते सरळ सांगा.

भाषा

कुपवाड, शिरवळ, कऱ्हाडच्या बऱ्याच मुलाखती मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून होतात. सांगलीचा हेल असला तर असू द्या. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत इंग्रजी लागतं, आणि तिथे आपली मुलं आधी इंग्रजी जमवायच्या नादात मुद्दाच हरवून बसतात. प्रसंग आधी मराठीत पक्के करा, बोलून बोलून घट्ट करा. मग त्यातली कामाची दहा-बारा वाक्यं साध्या, छोट्या इंग्रजीत बसवा. अडलात तर "मे आय एक्सप्लेन धिस पार्ट इन मराठी?" असं विचारायला काही हरकत नाही. तांत्रिक जागेसाठी बहुतेक जण हो म्हणतात. ग्राहकांशी इंग्रजीत बोलायचीच नोकरी असेल तर मात्र ही सवलत मिळणार नाही, त्यासाठी काही महिने आधीपासून रोज बोलणं हाच उपाय.

सराव आरशासमोर करू नका, आरसा प्रश्न विचारत नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. "म्हणजे", "ॲक्च्युअली", "बेसिकली" किती वेळा आलं ते मोजा. मग नोकरी करणाऱ्या एखाद्या थोरल्या भावाला, शेजारच्या काकांना विनंती करा की मध्येच तोडून "का?" असं विचारत राहा. दोन 'का' झेलता आले की प्रसंग तयार झाला.

चिठ्ठी आणि ओळख

कुणाच्या तरी चिठ्ठीने मुलाखतीपर्यंत पोचता येतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खोलीत बसल्यावर स्वतःहून नाव घेऊ नका. "अमक्या साहेबांनी पाठवलंय" म्हटलं की निवडणाऱ्याच्या कपाळावर आठी येते, आणि पुढे कामावर लागलात तरी 'त्यांचा माणूस' हा शिक्का राहतो.

आदला दिवस आणि प्रवास

सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. पुण्यात सकाळी दहाची मुलाखत असेल तर पहाटेच्या एसटीवर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशीच पोचा. मुलाखत सोमवारी असेल तर रविवारी संध्याकाळी निघू नका. सुट्टी संपवून पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांनी खंबाटकीपासून खेड शिवापूरच्या टोलपर्यंत रस्ता भरलेला असतो. सकाळी निघा. आणि स्वारगेट म्हणजे पोचलो असं समजू नका. चाकण शहराच्या दुसऱ्या टोकाच्याही पुढे आहे, हिंजवडीची सकाळची कोंडी तर प्रसिद्धच आहे.

कपडे: सूट विकत घेऊ नका. इस्त्रीचा फिकट पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, बंद बूट. मुलींनी ज्यात सहज वावरता येतं ते घालावं. कारखान्यात जाणार असाल तर चप्पल नको, केस बांधलेले, ओढणी पिन केलेली किंवा नकोच. मशीनजवळ हे सुरक्षेचं आहे आणि अनुभवी सुपरवायझर तेच आधी बघतो.

फाइलमध्ये बायोडेटाच्या तीन प्रती, गुणपत्रिका, आधार, पॅन, फोटो, आणि अनुभव असेल तर शेवटच्या पगाराच्या स्लिपा. मूळ कागद दाखवायला न्या, ठेवून येऊ नका.

मुलाखत ऑनलाइन असेल तर गावाकडे वीज आणि रेंज ही खरी परीक्षा. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवर बसून मित्राला व्हिडिओ कॉल करून बघा. वायफायशिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. घरात जमत नसेल तर तालुक्याच्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाची खोली दोन तास मागून घ्या.

खोलीत बसल्यावर

प्रश्न कळला नाही तर परत विचारा. उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही" म्हणा आणि लगेच जोडा: "पण मी ते असं शोधेन." क्वालिटीच्या जागेसाठी विचारलं, एका बॅचमध्ये अचानक रिजेक्शन वाढलं तर काय कराल? कारण कुणालाच लगेच सांगता येणार नाही. मटेरियलची हीट (धातू वितळवल्याची एक खेप) बदलली का, टूल कधी बदललं, ऑपरेटर किंवा शिफ्ट बदलली का, गेज कॅलिब्रेट आहे का, या क्रमाने बघेन असं सांगणारा बाजी मारतो. बरोबर उत्तरापेक्षा शोधायचा क्रम बघितला जातो.

"तुमच्यातली कमतरता?" याला "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर आता विनोद झालंय. खरी, छोटी आणि तुम्ही जिच्यावर काम करताय अशी गोष्ट सांगा. आधीच्या मालकाबद्दल तक्रार मात्र नको, ती खरी असली तरी.

मुलींना अजूनही लग्नाबद्दल विचारलं जातं. भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये असं कायदा १९७६ पासून सांगतो, तरी विचारतात. तिथे वाद घालायचा की नाही ते तुमच्या गरजेवर. "पुढची काही वर्षं हे काम करायचं ठरवूनच आले आहे" एवढं बोलून कामाच्या विषयावर यावं. आणि मग उलट विचारावं: सेकंड शिफ्ट असेल तर घरापर्यंत गाडी असते का? उत्तर देताना ते कसे अडखळतात यावरून कंपनी कळते.

"तुम्हाला काही विचारायचंय?" या प्रश्नाला "नो सर" म्हणून उठू नका. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, मी कोणाच्या हाताखाली असेन, ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलं, यातले दोन विचारा. सुट्ट्या आणि पगार पहिल्या फेरीत नको, ते विषय निवड झाल्यावर.

पगाराचा हिशेब

"सीटीसी तीन लाख" ऐकून घरी पेढे वाटण्याआधी कागद घ्या. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. तीन लाख म्हणजे महिना २५,०००. समजा बेसिक त्याच्या निम्मं, १२,५००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५००, आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद, म्हणजे साधारण ६०१, हे दोन्ही सीटीसीतच धरलेले असतात. उरले २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,१९९. महिलांना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, म्हणजे त्यांच्या हातात २०० जास्त. एकूण पगार २१,००० च्या आत असता तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्केही कापले गेले असते, पण त्यात दवाखाना मिळतो. विमा, बोनस, कँटीन सीटीसीत धरलेत का ते विचारा.

याच पगारावर चाकणला खोली, मेस आणि गावी जाणं-येणं वजा करून बघा आणि कुपवाडच्या १७-१८ हजारांशी तुलना करा. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. शिकायला कुठे जास्त मिळेल हे पहिल्या नोकरीत मी पगाराच्या आधी धरतो, पण घरी हप्ते असतील तर हा सल्ला मानायची सक्ती नाही.

मुलाखतीनंतर

त्याच संध्याकाळी वहीत विचारलेले सगळे प्रश्न लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्यातले निम्मे परत येतात. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल किंवा मेसेज करा. आठवड्याने एकदा चौकशी करा, रोज फोन नको. नकार आला तर कुठे कमी पडलो ते विचारून बघा. सगळे सांगत नाहीत, पण लहान कारखान्यांचे मालक बऱ्याचदा मोकळेपणाने सांगतात. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून रोजगार मेळावे भरतात. तिथे एका दिवसात तीन-चार मुलाखती देता येतात, सरावासाठी तरी जा.

आणि निवड झाल्याचा मेल आला, सोबत 'ट्रेनिंग फी', 'लॅपटॉप डिपॉझिट', 'युनिफॉर्मचे पैसे' असं काही असेल तर एक रुपयाही पाठवू नका. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का ते बघा, वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड. खऱ्या ऑफर लेटरवर पद, पगाराची फोड, जॉइनिंगची तारीख, प्रोबेशन, नोटिस पीरियड आणि बाँड असल्यास त्याची मुदत व रक्कम लिहिलेली असते. यातलं एक जरी तोंडी ठेवलं असेल तर सही करण्याआधी ते मेलवर लिहून मागा.